वाढदिवसाची क्रूझ आणि त्याआधीचा प्रवास: बुलढाण्याहून आई-वडिलांना बंदरापर्यंत कसं न्यावं?

बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. जिल्ह्यातल्या सत्तरी-पंचाहत्तरीतल्या अनेकांनी समुद्र पाहिला असेल तो एखाद्या कोकण सहलीत किंवा मुलाकडे मुंबईला गेल्यावर. आता वडिलांची पंचाहत्तरी किंवा आईची एकसष्टी हॉलमध्ये न करता 'सगळे मिळून क्रूझवर जाऊ' असं ठरवणारी कुटुंबंही दिसू लागली आहेत.

बोलणं होतं ते जहाजाबद्दल: केबिन कोणती, केक कधी कापायचा, गोव्याला किती वेळ मिळणार. पण बुलढाणा, चिखली, मेहकर किंवा खामगावहून निघालेल्या वयस्कर माणसासाठी सहलीचा सर्वांत दमवणारा भाग जहाजावर चढण्याआधीच येतो. घाट, रात्रीची रेल्वे, मुंबईतली गर्दी आणि बंदरावरच्या रांगा पार करून थकलेले आई-वडील जहाजावर पोहोचतात आणि पहिला दिवस झोपून काढतात. दोन रात्रींच्या सहलीत हा मोठा तोटा आहे.

हा आधीचा प्रवास कसा आखावा, कुठे अडचण येते आणि कोणत्या सवलती मिळतात, ते पाहू.

क्रूझ सुटते कुठून?

महाराष्ट्रातल्या प्रवाशांसाठी मुख्य ठिकाण म्हणजे मुंबईतलं बॅलार्ड पिअर. मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीजवळ असलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. कॉर्डेलिया क्रूझेस ही कंपनी सप्टेंबर २०२१ पासून 'एम्प्रेस' या जहाजाने मुंबईहून देशांतर्गत सफरी करते. मुंबई ते गोवा, मुंबई ते लक्षद्वीप, तसंच खोल समुद्रात जाऊन परत येणारी शनिवार-रविवारची छोटी सफर असे तिचे प्रकार राहिले आहेत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे मुंबईहून सफरींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. वेळापत्रक दरवर्षी बदलतं, म्हणून वाढदिवसाची तारीख आधी ठरवून जहाज शोधण्यापेक्षा जहाजाची तारीख पाहून वाढदिवस पुढे-मागे करणं सोपं जातं.

वयस्कर माणसासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. समुद्र तुलनेने शांत असतो आणि मुंबईतला उकाडाही कमी असतो.

एक दिवस आधी पोहोचणं इतकं महत्त्वाचं का?

जहाज थांबत नाही. रेल्वे चुकली तर दुसरी मिळते, एसटी चुकली तर तासाभराने पुढची येते. जहाजाचं तसं नाही. प्रवाशांना चढण्यासाठी ठरावीक वेळ दिली जाते आणि जहाज सुटण्याच्या बरंच आधी प्रवेश बंद होतो. उशीर झाला तर बहुतेक कंपन्यांच्या नियमांनुसार पैसेही परत मिळत नाहीत.

मलकापूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात गाडी दोन-तीन तास उशिरा धावणं नवीन नाही. त्यात रविवारचा मेगाब्लॉक, हिवाळ्यात उत्तर आणि पूर्वेकडच्या धुक्याचा फटका, घाटातला एखादा बिघाड अशी कारणं असतात. सकाळी मुंबईत उतरून दुपारी जहाज गाठायचा बेत कागदावर छान दिसतो. पण तो फसला तर सगळ्यांत जास्त धावपळ होते ती ज्यांचा वाढदिवस आहे त्यांची.

दुसरं कारण शरीराचं आहे. रात्रभर गाडीत नीट झोप न झालेल्या सत्तरीतल्या माणसाचा रक्तदाब, साखर आणि तोल या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो. त्याच अवस्थेत बंदरावरच्या रांगा, सुरक्षा तपासणी आणि मग हलणारं जहाज आलं, तर चक्कर येण्याची किंवा पडण्याची शक्यता वाढते. मुंबईत एक रात्र शांत झोप मिळाली की हा धोका बराच कमी होतो.

म्हणून साधा हिशेब असा: जहाज शनिवारी असेल तर मुंबईत शुक्रवारी सकाळी पोहोचावं. म्हणजे घरून गुरुवारी रात्री निघावं.

जिल्ह्याच्या कोणत्या भागातून कोणता मार्ग?

बुलढाणा शहरात रेल्वे स्थानक नाही. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. त्यावर मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानकं आहेत. खामगावला जलंबहून छोटा फाटा जातो. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी कित्येक पिढ्यांची आहे, पण आजही जिल्ह्याच्या दक्षिण भागाला रेल्वे नाही. त्यामुळे घर कोणत्या तालुक्यात, यावर मार्ग ठरतो.

*बुलढाणा, मोताळा:* मलकापूर हे सोयीचं स्थानक. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून जावं लागतं. ज्यांना वळणांवर गाडी लागते, त्यांनी घाटापूर्वी पोटभर जेवू नये आणि पुढच्या सीटवर बसावं. मलकापूरला बहुतेक गाड्या जेमतेम काही मिनिटं थांबतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डब्याच्या उंच पायऱ्या चढायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे डबा कुठे येतो हे आधी विचारून अर्धा तास आधीच त्या जागी बसवणं आवश्यक आहे. दोघांपैकी एकाने आधी चढून हात द्यावा, दुसऱ्याने खाली उभं राहावं, सामान शेवटी.

*खामगाव, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर:* शेगाव किंवा नांदुरा. अनेक कुटुंबं शुभकार्याआधी गजानन महाराजांचं दर्शन घेऊन मगच गाडीत बसतात. इच्छा रास्त आहे, पण त्याच दिवशी समाधी दर्शनाच्या लांब रांगेत उभं राहून रात्री गाडी पकडणं वयस्करांना जड जातं. दर्शन आदल्या दिवशी करावं किंवा मुखदर्शनावर समाधान मानावं. गर्दीच्या दिवशी, विशेषतः गुरुवारी, ही काळजी जास्त घ्यावी.

*देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखलीचा काही भाग:* या भागाला जालना जवळ पडतं. जालन्याहून मुंबईला वंदे भारत एक्सप्रेस आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ती जालना-मुंबई अशी सुरू झाली आणि २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवली गेली. दिवसाचा प्रवास, स्वच्छ डबे आणि पाश्चात्त्य पद्धतीची स्वच्छतागृहं ही तिची जमेची बाजू. उणी बाजू म्हणजे फक्त बसायची सोय. कंबर किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांना इतके तास बसणं झेपेल का, याचा विचार आधी करावा.

*मेहकर, लोणार:* समृद्धी महामार्ग जवळ आहे. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे मेहकर किंवा सिंदखेड राजाजवळून महामार्गावर चढून थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत जाता येतं. तिथून पुढे मात्र ठाणे-मुंबईची नेहमीची कोंडी आहे. महामार्ग संपला म्हणजे मुंबई आली, असा हिशेब धरू नये.

समृद्धीने जायचं तर

घरच्या गाडीचा मोठा फायदा म्हणजे हवं तिथे थांबता येतं. पण समृद्धीवर हवं तिथे थांबता येत नाही. पेट्रोल पंप आणि सुविधा केंद्रं ठरावीक अंतरावर आहेत, मधल्या पट्ट्यात काहीच नाही आणि महामार्गाच्या कडेला गाडी उभी करणं धोक्याचं आहे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसाला हे अवघड जातं. त्यामुळे सुविधा केंद्र दिसलं की गरज वाटो न वाटो, थांबायचं, असा नियम बरा.

रात्रीचा प्रवास टाळावा. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बसच्या अपघातात २५ जणांचा मृत्यू झाला होता. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागण्याचा धोका मोठा असतो. पहाटे उजाडल्यावर निघून दुपारी मुंबईत पोहोचणं हा सर्वांत सुरक्षित बेत.

रेल्वेचं आरक्षण: खालचा बर्थ कसा मिळतो?

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. क्रूझचं बुकिंग मात्र अनेकदा त्याच्याही आधी होतं. त्यामुळे क्रूझ ठरली की आरक्षण सुरू होण्याची तारीख मोजून दिनदर्शिकेवर खूण करावी.

ज्येष्ठ नागरिकांना रेल्वे भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पण खालच्या बर्थची सोय वेगळी आहे आणि ती सुरू आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी प्रत्येक गाडीत काही खालचे बर्थ राखीव असतात. इथे एक गोम आहे. हा कोटा प्रवासी एकटा असेल किंवा एका तिकिटावर अशा वयाचे दोघेच असतील, तरच मिळतो. मुलगा, सून, नातवंडं सगळ्यांचं एकच तिकीट काढलं की तो कोटा लागू होत नाही. संगणक ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न करतो, पण खात्री नसते. म्हणून आई-वडिलांचं तिकीट वेगळं, ज्येष्ठ नागरिक कोट्यातून काढावं आणि बाकीच्यांचं शक्यतो त्याच डब्यात वेगळं.

पैसे असतील तर थ्री टियर एसीऐवजी टू टियर एसी घ्यावा. त्यात मधला बर्थ नसतो. त्यामुळे खालच्या बर्थवर रात्री उठून ताठ बसता येतं. वारंवार उठावं लागणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा असतो.

गाडी निवडताना ती कुठून सुटते तेही पाहावं. अमरावती किंवा गोंदियाहून सुटणाऱ्या गाड्या (अमरावती-मुंबई एक्सप्रेस, विदर्भ एक्सप्रेस) जवळून येतात. त्यामुळे हावड्याकडून येणाऱ्या लांबच्या गाड्यांपेक्षा त्यांना उशीर होण्याची शक्यता कमी असते. या गाड्यांनी संध्याकाळी किंवा रात्री बसून सकाळी मुंबईत उतरता येतं.

उतरायचं कुठे?

शक्यतो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे सीएसएमटीला. ते शेवटचं स्थानक आहे, त्यामुळे घाई नसते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट सपाट चालत थेट बाहेर नेतात, जिना चढावा लागत नाही. दादर किंवा कल्याणला मात्र पूल ओलांडावा लागतो. शिवाय बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपणारी गाडी घेतली तर तिथून दक्षिण मुंबईपर्यंत आणखी एक प्रवास वाढतो.

बुलढाण्यातल्या बऱ्याच कुटुंबांचे नातेवाईक कल्याण, डोंबिवली, ठाण्यात असतात. 'हॉटेल कशाला, आत्याकडे उतरू' हे ओघानेच येतं. आपुलकी आणि घरचं जेवण मिळतं, खर्चही वाचतो. पण जहाजाच्या दिवशी तिथून दक्षिण मुंबईत यायला दीड ते दोन तास धरावे लागतात आणि गर्दीच्या वेळी लोकलने वयस्कर माणसाला सामानासह आणणं शक्य नसतं. मध्यम मार्ग असा की नातेवाइकांची भेट परतीच्या वाटेवर ठेवावी. जाताना फोर्ट किंवा कुलाबा भागात मुक्काम करावा. हॉटेल ठरवताना लिफ्ट आहे का आणि पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. दक्षिण मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींत जिने उंच आहेत.

सकाळी सहाला उतरलो आणि हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळणार, हाही नेहमीचा घोळ. सीएसएमटीवर रेल्वेच्या विश्रांती कक्षांची सोय आहे आणि पक्क्या तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर ती ऑनलाइन आरक्षित करता येते. नाहीतर हॉटेलशी आधीच बोलून सकाळी खोली मिळण्याची व्यवस्था करावी. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. पण रात्रभर प्रवास केलेल्या आईला सहा तास सामान राखत बसवू नये.

एसटीच्या सवलती

घरापासून स्थानकापर्यंत एसटीने जायचं असेल, तर ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजनेत राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं भाडं लागतं. मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही निम्मं भाडं आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड चालतं.

खरा वाढदिवस आणि कागदावरचा वाढदिवस

ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी ज्येष्ठांची जन्मतारीख कागदावर १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. जन्माची नोंद नसायची. गुरुजी वय बसेल असं वर्ष आणि १ जून ही तारीख लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे सगळ्या कागदपत्रांवर गेली. घरात मात्र वाढदिवस 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' किंवा 'आखाजीच्या आधी' असा लक्षात असतो.

सहलीत याचे दोन परिणाम होतात. पहिला, सवलत आणि कोटा कागदावरच्या वयानुसारच मिळतो. घरच्या हिशेबाने पंच्याहत्तरी पूर्ण झाली असली तरी आधारवर चौऱ्याहत्तर असतील तर एसटी मोफत नाही. दुसरा, वाढदिवसानिमित्त कंपनी काही सवलत किंवा केक देत असेल तर तीही कागदावरची तारीख पाहते. केबिन सजवायची किंवा केक हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच स्वतंत्रपणे सांगून ठेवावं.

नावाचंही तसंच. क्रूझच्या बुकिंगवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. आईच्या एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर आडनावाचं वेगळं स्पेलिंग, असं सर्रास आढळतं. सोबत जे ओळखपत्र न्यायचं, त्यावरूनच अक्षर न अक्षर पाहून बुकिंग करावं. देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र पुरतं. श्रीलंकेसारख्या परदेशी बंदरावर जाणारी सफर असेल तर पासपोर्ट लागतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब

मराठी घरांत ६० पूर्ण झाल्यावर षष्ट्यब्दी किंवा एकसष्टी, ७५ ला अमृत महोत्सव आणि ८० ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन करतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस, साधारण ८० वर्षं आणि १० महिने लागतात. सहल आणि विधी दोन्ही करायचं असेल तर विधी घरी, गावातल्या माणसांसोबत आधी करून घ्यावा. ज्येष्ठांना आपल्या वयाच्या मंडळींनी केलेलं औक्षण हवं असतं आणि ती मंडळी जहाजावर नसतात.

औषधं: हातातल्या पिशवीत

बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनपर्यंत पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून औषधं, चष्मा, कवळी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. औषधं सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची घ्यावीत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि तिचा फोटो दोन फोनमध्ये असावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी थंड पिशवी न्यावी.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी नेहमीच्या डॉक्टरांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात:

- हा प्रवास झेपेल का? अलीकडे हृदयाची शस्त्रक्रिया, झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर हा प्रश्न टाळू नये.
- प्रवासाच्या दिवशी जेवणाच्या वेळा बदलल्या तर साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं?
- बोट लागू नये म्हणून कोणती गोळी चालेल?

तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. प्रोमेथाझिन, सिनारिझिन किंवा मेक्लिझिन अशी औषधं तरुणांना सहज चालतात. वयस्करांत मात्र त्यांनी जास्त गुंगी येऊ शकते, तोल जाऊ शकतो, माणूस गोंधळल्यासारखा वागू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडकण्याचा त्रास होऊ शकतो, काचबिंदूच्या रुग्णांनाही काही गोळ्या वर्ज्य असतात. त्यामुळे नातवाला दिलेली गोळीच आजोबांना देऊ नये.

मोठ्या जहाजाचा हेलकावा लहान बोटीपेक्षा खूप कमी असतो. तरीही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन मागून घ्यावी. तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. केबिनच्या न्हाणीघराला अनेकदा उंबरा असतो आणि जागा अरुंद असते. व्हीलचेअर लागत असेल तर त्यासाठीच्या मोजक्या केबिन लवकर संपतात, म्हणून आधीच विचारावं.

पाणी कमी पिण्याची सवय

प्रवासात आई-वडील एक गोष्ट बोलून दाखवत नाहीत. संडासाला जावं लागू नये म्हणून ते पाणी पिणंच बंद करतात. 'मला तहान नाही' हे वाक्य बहुतेक घरांत ऐकलेलं असतं. पण पाणी कमी पडलं की रक्तदाब घसरतो, चक्कर येते, बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होऊ शकतो. यावर 'पाणी प्या' हा उपदेश उपयोगी पडत नाही. स्वच्छतागृह कुठे आणि कधी मिळेल हे त्यांना आधी सांगितलं, सोबत कुणी जाईल याची खात्री दिली, की पाणी आपोआप प्यायलं जातं.

रेल्वेत तब्येत बिघडली तर १३९ या क्रमांकावर कळवता येतं, पुढच्या मोठ्या स्थानकावर वैद्यकीय मदत मिळते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. ७० वर्षांवरील सर्वांसाठी असलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेलं असेल तर ते सोबत घ्यावं. योजनेतल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ते घराबाहेरही उपयोगी पडतं. जहाजावर डॉक्टर असतो, पण उपचार प्राथमिक आणि सहसा सशुल्क असतात. म्हणून आधीचे आजार धरून असलेला प्रवास विमा पाहावा.

पिशवीतून काय काढायचं?

प्रवासाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा हवाच. शेगावहून निघालं तर कचोरीही येणार. हे सगळं मुंबईपर्यंत खाऊन संपवावं. जहाजावर बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत. पथ्याचं काही लागत असेल तर कंपनीला आधी कळवावं. रात्रीच्या गाडीत बसण्याआधी तळलेलं कमी खाल्लेलं बरं.

पानसुपारीची सवय असलेल्यांच्या पिशवीत अडकित्ता असतो. तो धारदार वस्तूंमध्ये मोजला जातो आणि सुरक्षा तपासणीत अडकतो. जुन्या पितळी अडकित्त्यात अनेकांचा जीव गुंतलेला असतो, तो घरीच ठेवावा. चाकू, इस्त्री, देवासमोर लावायला घेतलेली उदबत्ती-काडेपेटी याही वस्तू काढाव्यात.

बंदरावर आणि पहिला तास

दिलेल्या वेळेतच बंदरावर जावं. फार लवकर गेलं तर बसून राहावं लागतं. व्हीलचेअरची मदत बुकिंगच्या वेळी मागितलेली असावी. 'मी काय आजारी आहे का?' असं म्हणून वडील नकार देतात. तेव्हा ती लांब रांगेपुरती आहे, चालता येत नाही म्हणून नाही, हे आधीच घरी बोलून ठेवलं तर बंदरावर वाद होत नाही.

जहाज सुटताना सर्व प्रवाशांना सुरक्षेचं प्रात्यक्षिक सक्तीचं असतं. आपत्तीत लिफ्ट वापरायची नसते. जिना उतरायला मदत लागणार असेल तर कर्मचाऱ्यांना तेव्हाच सांगावं.

किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. जहाजावरचं सागरी रोमिंग महाग असतं, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा. गावाकडच्या भावा-बहिणींना 'दोन दिवस फोन लागणार नाही' हे आधी सांगितलं नाही तर तिकडे काळजी सुरू होते.

आधी विचारायचा प्रश्न

सरप्राइज ही कल्पना तरुणांना आवडते. ज्येष्ठांना मात्र तयारीला वेळ लागतो. पाण्याची भीती, खर्चाची टोचणी, घरी गाई-म्हशी कोण पाहणार, कपाशीची वेचणी अर्धवट आहे, अशा शंका असतात आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या असतात. म्हणून निदान तिकीट काढण्याआधी त्यांना विचारावं. 'तुम्ही म्हणाल तसं' या उत्तराला होकार समजू नये. दोन दिवसांनी पुन्हा विचारावं.

समुद्र झेपेल का हे कळत नसेल तर छोटी चाचणी करता येते. मुंबईत भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोट साधारण तासाभरात पोहोचते. मोठी, स्थिर बोट, समुद्राचा वारा आणि संध्याकाळी परत मुंबई. काही जणांसाठी वाढदिवसाचा समुद्र तेवढाच पुरेसा ठरतो, आणि त्यातही काही कमी नाही.

थोडक्यात

- जहाजाच्या किमान एक दिवस आधी मुंबईत मुक्काम.
- आई-वडिलांचं तिकीट वेगळं, ज्येष्ठ नागरिक कोट्यातून.
- उतरणं सीएसएमटीला, मुक्काम बंदराजवळ, लिफ्ट पाहून.
- बुकिंगवरचं नाव ओळखपत्राप्रमाणेच.
- औषधं हातातल्या पिशवीत, बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच.
- दर थांब्यावर स्वच्छतागृह, दर तासाला थोडं पाणी.
- परतीला जहाजातून उतरल्यावर लगेचची गाडी नको, रात्रीची किंवा दुसऱ्या दिवशीची.

दोन रात्रींची सहल असली तरी घरून निघून घरी परतेपर्यंत पाच दिवस धरावेत. ते पाच दिवस नसतील तर तारीख पुढे ढकलावी. पंचाहत्तरी महिनाभराने साजरी केली म्हणून काही बिघडत नाही.